नाकाचं ऑपरेशन मनासारखं झालं नाही. दुसऱ्यांदा करावं का?

अबोली | ३ जून, रात्री ११.१२

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मागच्या नोव्हेंबरात पुण्यात नाकाची सर्जरी करून घेतली. कुणाकडं ते लिहीत नाही, विचारू पण नका. आमच्या वडिलांच्या घराण्याचं नाक आहे. समोरून काही कळत नाही, पण मध्ये हाडाचा उंचवटा, त्यामुळं बाजूनं बघितलं की पोपट. शाळेत नाव पण तेच पडलेलं. नोकरी लागली, दोन वर्षं पैसे साठवले, घरी भांडलो आणि केलं एकदाचं.

आता सात महिने झाले. उंचवटा गेला हे खरं. पण शेंड्याच्या जरा वर एक गोल फुगवटा आलाय, तो आधी नव्हता. उजवी नाकपुडी डावीपेक्षा वर ओढल्यासारखी दिसते. आणि रात्री उजव्या कुशीवर वळलं की नाक बंद. मधनंच बारीक शिट्टी वाजते. बहीण म्हणते, आधी कुकर बघून ये, मग नाकाचं बोल.

ज्यांनी केलं त्यांच्याकडं दोनदा जाऊन आलो. "सूज आहे, उतरेल," एवढंच. मग तिथंच दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की रिव्हिजन, म्हणजे दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन लागणार, बरगडीची कूर्चा (मऊ हाड) काढून बसवू, सव्वातीन लाख. पहिल्याला दीड गेलेत. आई म्हणते, परत त्या नाकाला हात लावलास तर उंबऱ्याच्या आत येऊ नको. फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे.

दुसऱ्यांदा कुणी केलंय का? किती थांबून केलं? फरक पडला का? आणि कोल्हापूर-मिरजेत होतं का, की मुंबईच गाठायला लागते?

तांबडा_पांढरा | ३ जून, रात्री ११.३१

तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करा.

(माफी असावी, राहवलं नाही. शहाणी माणसं येतीलच मागून.)

पुणेरी_पाटी | ४ जून, सकाळी ८.०५

दादा, दोन गोष्टी. एक, "पुण्यात" एवढंच लिहून सोडलंत की अख्ख्या पुण्यावर संशय येतो. दोन, पुरुषाच्या नाकाला थोडा उंचवटा शोभून दिसतो. काढायलाच नको होता.

अबोली | ४ जून, सकाळी ८.४०

मी मुलगी आहे हो काका.

तांबडा_पांढरा | ४ जून, सकाळी ८.४४

पाटीकाका, कोल्हापुरात पोरी "आलो, गेलो, जेवलो"च म्हणतात. तुमच्याकडं त्याचं व्याकरण चुकतं, आमच्याकडं चालतं.

पुणेरी_पाटी | ४ जून, सकाळी ९.१०

आयडी अबोली आहे हे वाचूनही चुकलो, तेव्हा दोष माझाच. उंचवट्याबद्दलचं मत कायम. बायकांनाही शोभतो.

गंगावेस_मावशी | ४ जून, सकाळी ९.५२

बाळा, देवानं दिलेलं नाक होतं, श्वास चालत होता, काय नडलं होतं? आमच्या वेळी नकटी, अपरी, फेंदारलेली सगळी नाकं उजवली. आता झालं ते झालं. पण एकदा चूक झाली म्हणून परत तीच वाट धरायची का, हे शांतपणानं बघ. आईचं बोलणं टोचतं, पण ती भ्यालेली असते, रागावलेली नसते. माझ्या लेकीच्या सिझरला मी पण डॉक्टरांना नाही नाही ते बोलले होते.

अबोली | ४ जून, सकाळी १०.३०

मावशी, आईचं काही वाटत नाही. वडिलांचं वाटतं. ते तेव्हा काही बोलले नाहीत, फॉर्मवर सही पण त्यांनीच केली. मागच्या आठवड्यात जेवताना एकदम म्हणाले, "माझं नाक एवढं वाईट होतं व्हय?" आणि परत भाकरी मोडायला लागले. काय सांगणार.

कानाकोपरा | ४ जून, दुपारी २.२०

कान-नाक-घसा बघतो, याच भागात. इथं बसून निदान करत नाही, पण सर्वसाधारण काही गोष्टी सांगतो.

सात महिन्यांचं नाक म्हणजे अजून न वाळलेलं बांधकाम. वरचा भाग आधी बसतो, शेंडा सगळ्यात शेवटी. साधारण वर्ष धरतात, कातडी जाड असेल तर दीड-दोन वर्षंसुद्धा. आपल्याकडं शेंड्याची कातडी जाड, तेलकट असणं अगदी नेहमीचं. म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर निदान बारा महिने जायच्या आत रिव्हिजनला सहसा हात घालत नाहीत. त्यात सुजेइतकाच प्रश्न आतल्या व्रणाचा असतो. तो कडक असताना उघडलं तर थर सुटे होत नाहीत आणि कातडीचा रक्तपुरवठा दुखावतो. "सूज आहे" हे उत्तर अर्धं होतं, पण खोटं नव्हतं.

शेंड्याच्या वरच्या फुगवट्याला आमच्या भाषेत पॉलीबीक म्हणतात, म्हणजे पोपटाची चोच. तुमचं शाळेतलं नाव वाचून हसावं की नाही ते कळेना. याची मुख्य कारणं दोन: तिथं कूर्चा जास्त शिल्लक राहिली, किंवा कातडीखालची रिकामी जागा व्रणाच्या ऊतींनी भरून आली. दुसऱ्या प्रकारात ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन, काही आठवड्यांच्या अंतरानं, कधी कधी काम करून जातं. पहिल्या प्रकारात नाही. आणि ते वरवर दिलं किंवा जास्त दिलं तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो, त्यामुळं कुणाकडूनही टोचून घ्यायचं नाही.

आता श्वास. उंचवटा कापला की नाकाचं छप्पर उघडं पडतं. बाजूच्या वरच्या कूर्चांना दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याशी नीट आधार मिळाला नाही तर त्या आत झुकतात, आणि नाकातली मुळातच अरुंद असलेली जागा आणखी आवळते. सर्दी नसताना घरी करून बघा: उजव्या गालावर, नाकाशेजारी दोन बोटं ठेवा, गाल कानाकडं ओढा, श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर दोष बहुधा तिथंच आहे.

शिट्टी मात्र लांबवू नका. खपलीनं वाजते, अरुंद जागेनं वाजते, आणि पडद्याला भोक पडलं असेल तरी वाजते. दुर्बीण घातली की दोन मिनिटांत कळतं. बारा महिने थांबायचं ते ऑपरेशनसाठी, तपासणीसाठी नाही.

बरगडीबद्दल. रिव्हिजनला कूर्चा लागते, ती आधी पडद्यातून घेतात. ती संपली असेल तर कान, तेवढ्यानं भागत नसेल तर बरगडी. तुमच्या पडद्यातली वापरली का, हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. तो कागद तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी बघितला होता का?

अबोली | ४ जून, दुपारी ३.०२

नाही. माझ्याकडं पण नाही. डिस्चार्ज कार्डावर फक्त "रायनोप्लास्टी" आणि गोळ्यांची नावं.

गाल ओढून बघितला. ऑफिसातच. उजवीकडनं एवढी हवा आली की दचकलो. समोरच्या टेबलावरचे सर बघत होते.

लाल_माती | ४ जून, संध्याकाळी ७.१५

आमच्या तालमीत नाक मोडणं म्हणजे रोजचं. मी सोळा वर्षांचा असताना समोरच्याचं कोपर बसलं, नाक डावीकडं गेलं. वस्तादांनी मला भिंतीला टेकवलं, दोन अंगठे दोन्हीकडं लावले, "आईचं नाव घे" म्हणाले आणि काट्ट. सरळ. वर हळद आणि तूप. संध्याकाळी परत जोर मारले. आज चाळिशी आली, जरा तिरकं हाय, पण कोण इचारतंय? कान पण फुटलेत. पैलवानाला ते शोभतं. पोरीच्या जातीचं वेगळं, हे कळतं मला.

कानाकोपरा | ४ जून, रात्री ९.४०

पैलवान, तुमचं नशीब मोठं. नाकाला मार लागल्यावर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचतं कधी कधी. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा कुजते आणि नाक मधोमध खचतं, घोड्याच्या खोगिरासारखं. पोरांना सांगा: मार लागून दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, आत जांभळा फुगा दिसला, की त्याच दिवशी दवाखाना. हळद-तूप नंतर.

लाल_माती | ४ जून, रात्री ९.५८

सांगतो. एकाचं नाक तसं खचलेलं हाय आमच्यात. आम्ही त्याला टोमणे मारायचो. हे माहीत नव्हतं.

सांगलीचा_भडंग | ४ जून, रात्री ११.२०

मी केलंय दुसऱ्यांदा, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं मोटारसायकलच्या अपघातानंतर. पडदा सरळ करताना बरीच कूर्चा काढली गेली आणि दीड वर्षात नाक बसत बसत मधून खचलं. वर डॉक्टर म्हणतात तसं खोगीर. दुसरं मुंबईत, तीन वर्षांनी. माझ्या पडद्यात काही उरलंच नव्हतं म्हणून बरगडीची घेतली.

नाक दुखलं नाही. छाती दुखली. उजवीकडं दोन इंचांची खूण आहे, पहिले पंधरा दिवस खोकला आला की देव आठवायचा. मित्र बघायला आले आणि विनोद करायला लागले, मी हात जोडून त्यांना बाहेर काढलं. बरगडीची कूर्चा पुढं वाकू पण शकते, हे आधी सांगून सही घेतली होती. माझी वाकली नाही.

श्वास उत्तम. दिसायला म्हणाल तर शंभरात सत्तर. शेंडा मात्र लाकडासारखा कडक झालाय, हलत नाही. बायको म्हणते, आता तुम्हाला माझ्या भाजीला नाक मुरडायची सोय राहिली नाही.

दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबतं आणि सूज जास्त दिवस राहते. मला कपाळापासून ओठापर्यंत चेहरा आपला वाटायला वर्ष गेलं. दोन, मुंबई. टाके काढायला महालक्ष्मी एक्सप्रेस, वरचा साचा काढायला महालक्ष्मी एक्सप्रेस, "जरा दाखवून जा"ला महालक्ष्मी एक्सप्रेस. तिकीट, लॉज आणि बुडालेले पगार धरा हिशेबात. चांगला माणूस मिरजेत मिळाला तर तिथंच करा. मला त्या वेळी मिळाला नाही.

ग्लो_अप | ५ जून, दुपारी १२.१०

ताई, ऑपरेशन कशाला? फिलर्सची इंजेक्शनं घ्या ना. फुगवट्याच्या वरचा खड्डा भरला की नाक सरळ दिसतं. माझ्या मैत्रिणीनं पार्लरमध्ये घेतलं, अर्ध्या तासात घरी.

कानाकोपरा | ५ जून, दुपारी १२.३५

कृपा करून नको. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर वाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरते, नजर जाऊ शकते, आणि ती गेली की बहुतेक वेळा परत येत नाही. ऑपरेशन झालेल्या नाकात वाहिन्या जागच्या जागी नसतात, त्यामुळं धोका आणखी वाढतो. आणि पार्लरमध्ये? हे वाक्य दोनदा वाचलं मी.

ग्लो_अप | ५ जून, दुपारी १२.५०

ओके सर. तिला सांगते. तिचं छान दिसतंय पण.

पासपोर्ट_साईज | ५ जून, संध्याकाळी ६.००

फोटो स्टुडिओ आहे माझा, महाद्वार रोडला. नाकाच्या तक्रारी डॉक्टरांपेक्षा मी जास्त ऐकत असेन.

अबोली, तू नाक बघतेस कशात? मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात? तो हातभर अंतरावर धरलेला असतो, त्यामुळं जवळची वस्तू फुगते. २०१८ साली अमेरिकेत याचा हिशेब मांडला गेला: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढला की तो फुगारा जवळजवळ जातो. म्हणून आम्ही चेहऱ्याला ८५ मिमीची लेन्स लावून लांब उभे राहतो.

सेल्फीवरून निर्णय घेऊ नको. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असे फोटो काढून ठेव. सूज उतरते की नाही ते त्यातच कळेल. स्टुडिओत आलीस तर पैसे घेणार नाही. चहा मात्र तू पाजायचा.

आरसा | ५ जून, रात्री १०.०५

समुपदेशनाचं काम करते. रागावू नकोस, एक विचारते. दिवसातून किती वेळा बघतेस नाक? त्यासाठी कुठं जायचं टाळलंस का? नाकात दोष नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं श्वासाचं दुखणं तर खरंच आहे. पण काही जणांच्या मनात चेहऱ्याचा एकच भाग असा रुतून बसतो की कितीही ऑपरेशनं केली तरी समाधान होत नाही, एक दोष गेला की दुसरा सापडतो. चांगले सर्जन म्हणूनच आधी याची चौकशी करतात.

अबोली | ५ जून, रात्री १०.४०

रागावलो होतो वाचून. मग मोजलं. आज एका दिवसात एकतीस वेळा, त्यात स्कूटीचा आरसा धरलेला नाही. आणि मार्चमध्ये मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेलो नाही, "ऑडिट आहे" सांगून.

पण ताई, समोरचा बोलताना डोळ्यांत न बघता नाकपुडीकडं बघतो, हे माझ्या मनाचं नाही. खरंच बघतात.

आरसा | ५ जून, रात्री १०.५५

बघत असतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

काळा_कोट | ६ जून, सकाळी १०.१५

कायद्याचं थोडं. तुझे वैद्यकीय कागद मागायचा तुला अधिकार आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात. तोंडी मागू नको. अर्ज लिही, दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोट, संमतिपत्र आणि आधीचे-नंतरचे फोटो असं नावानिशी लिही.

ग्राहक आयोगाचं कुणीतरी काढणारच, म्हणून मीच सांगतो. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ठरवलंय. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण निकाल मनासारखा आला नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं होत नाही. ते दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतानं सिद्ध करावं लागतं. आत्ता कागद मिळव. भांडायचं की नाही ते कागद वाचून ठरव.

मोडी_लिपी | ६ जून, दुपारी ४.३०

थोडं अवांतर. नाकाच्या या सगळ्या शास्त्रात आपला मोठा हात आहे. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करायची कृती आहे, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पुण्याची गोष्ट मात्र कमी जणांना माहीत.

१७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा काउसजी नावाचा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभरानं पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा नाकाचा साचा करून तो कपाळावर पसरून मापलं, तेवढी कातडी कपाळावरून सोडवली, पण भुवयांमधला देठ तसाच ठेवला, आणि फिरवून खाली नाकाच्या जागी बसवली. देठातून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जगते. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कपाळाच्या कातडीची ती पद्धत आजही वापरतात.

पुणेरी_पाटी | ६ जून, दुपारी ४.४१

पुण्यावरच्या संशयाबद्दल मी परवा सकाळी काय म्हणालो होतो?

तांबडा_पांढरा | ६ जून, दुपारी ४.४६

मग आमच्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारू का? हजारो सोंडांचा अनुभव आहे. उजवी-डावी दोन्ही.

लाल_माती | ६ जून, दुपारी ४.५०

😂 नाद खुळा

व्यवस्थापक | ६ जून, संध्याकाळी ५.३०

काही प्रतिसादांत डॉक्टरांची आणि रुग्णालयांची नावं तक्रारीसकट आली होती, ती काढली आहेत. शिफारशी व्यक्तिगत संदेशातून कराव्यात.

विम्याचा_हप्ता | ७ जून, सकाळी ११.००

खर्चाचं कुणी बोललं नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेलीच असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. श्वासाचा अडथळा तपासणीत दिसत असेल तर तेवढ्या भागाचा दावा करता येतो. आधी पूर्वपरवानगी मागा, दोन्ही भागांचं बिल वेगळं करून घ्या. आणि दिसण्याचं काम श्वासाच्या नावाखाली घुसडू नका. दावा फेटाळतात, वर पुढच्या वेळी पण संशयानं बघतात.

कानाकोपरा | ७ जून, दुपारी १.१५

मूळ प्रश्नाचं एक राहिलं. प्लास्टिक सर्जन की कान-नाक-घशाचा, यावर वाद घालत बसू नका, दोन्हीकडं चांगले आहेत. डिग्री बघा आणि सरळ विचारा: रिव्हिजन वर्षाला किती करता? आत काय सापडेल ते आधी सांगता येत नाही हे जो कबूल करतो, त्याच्याकडं परत जा. कॉम्प्युटरवर नवं नाक काढून "असंच होईल" म्हणणाऱ्याकडं नको. आणि तंबाखू, सिगारेट, मिश्री काही असेल तर आधी बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात.

अबोली | ७ जून, दुपारी १.४०

मिश्री आजी लावते. मी नाही.

सगळ्यांचे आभार. मंगळवारी मिरजेला दाखवतो, आणि काळा_कोट म्हणतात तसा अर्ज आज रात्री लिहितो.

गुजरीतला | ९ जून, रात्री ९.२०

धागा उशिरा बघितला. आमचं सोन्याचं काम, गुजरीत. अबोली, फेब्रुवारीत करवली म्हणून नथ घालणार असशील. नाकपुडी वर ओढली गेली असली तर नेहमीच्या मापाची नथ लोंबते आणि मोती ओठावर येतात. पुष्कळ बायका येतात अशा, ऑपरेशन न केलेल्या पण. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घे, तार तुझ्या नाकावर ठेवून वाकवून देतो. फक्त डॉक्टरांना विचार, तिथं दाब दिलेला चालतो का.

अबोली | १४ डिसेंबर, रात्री १०.५०

धागा वर काढतो. तेरा महिने झाले. काही जणांनी व्यक्तिगत संदेशातून विचारलं म्हणून एकत्रच लिहितो.

जूनमध्ये दुर्बीण घालून बघितलं. पडद्याला भोक नाही. वर खपली धरत होती आणि जागा अरुंद. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला लागलो, शिट्टी तीन आठवड्यांत गेली. बहिणीला करमत नाही आता.

कागद. पहिल्यांदा फोनवर "मॅडम सुट्टीवर आहेत" झालं. मग अर्ज दिला, पोच घेतली, तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. ऑपरेशन नोट पाऊण पानाची. त्यात स्पष्ट लिहिलंय की पडद्यातली कूर्चा घेतलेली नाही. म्हणजे आतला माल जागेवर आहे, बरगडी फोडायची गरजच नाही. हा कागद बघितला नसता तर मी सव्वातीन लाख भरायला तयार होतो, कर्जाचा फॉर्म पण आणला होता.

इंजेक्शनं दोन झाली, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. स्टुडिओतले फोटो शेजारी ठेवले तर फुगवटा निम्म्यावर आलाय. (चहा पाच वेळा पाजला. ते बिस्किटं पण मागतात.) नाकपुडी आहे तशीच. श्वास पण तसाच, गाल ओढला की मोकळा.

ठरलंय ते असं: लग्न झाल्यावर एप्रिलमध्ये, मिरजेत. पडद्यातल्या कूर्चेच्या दोन पट्ट्या छपराच्या दोन्ही बाजूंना, श्वासासाठी. नाकपुडीसाठी कानातला चिमूटभर तुकडा, कातडीसकट. वरच्या हाडाला आणि फुगवट्याला हात लावणार नाहीत. फुगवट्याचं मी दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, अजून उतरतोय, उतरणाऱ्या गोष्टीला कापू नये. श्वासाच्या भागाची पूर्वपरवानगी विम्याला पाठवलीय, उत्तर यायचंय. नाकपुडी सारखी होईल का, यावर "जवळपास" एवढंच म्हणाले. "जवळपास" म्हणजे किती, ते विचारलं तर हसले.

आरसाताई, तुमच्याशी बोलल्यावर ज्यांच्याकडं पाठवलंत, त्यांच्याकडं चार वेळा जाऊन आलो. मोजणं बंद केलंय. म्हणजे बघणं बंद झालं असं नाही.

वडिलांना स्टुडिओतला जुना फोटो दाखवला, ऑपरेशनच्या आधीचा, बाजूनं काढलेला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे तर आमच्या आत्याचं नाक." आई आतनं ओरडली, आत्याला शेवटपर्यंत कुणी हो म्हटलं नव्हतं. मग सगळेच हसलो.

नथ घेतली गुजरीत. काकांनी तार चार वेळा वाकवली, दर वेळी आरसा समोर धरून विचारायचे, "आता?" डाव्या नाकपुडीवर बसवलीय.

गंगावेस_मावशी | १५ डिसेंबर, सकाळी ७.३०

मराठी बायका नथ डावीकडंच घालतात गं बाळा. काहीच बिघडलं नाही. आईला सांग, एप्रिलमध्ये दवाखान्यात सोबतीला कुणी नसेल तर मी येते, मिरज काही लांब नाही.

सांगलीचा_भडंग | १५ डिसेंबर, सकाळी ९.१५

बरगडी वाचली, लाखाची गोष्ट झाली. भडंग घेऊन येतो. पण पहिले पंधरा दिवस खायचं नाही, चावताना वरचा ओठ ओढतो.

तांबडा_पांढरा | १५ डिसेंबर, सकाळी ९.४०

एक शंका. कानाचा तुकडा नाकात बसवल्यावर सर्दी झाली तर ऐकायला कमी येतं का?

कानाकोपरा | १५ डिसेंबर, सकाळी ९.५५

नाही.

तांबडा_पांढरा | १५ डिसेंबर, सकाळी ९.५६

बरं.